आण्णांची टू-टू

निवडणूक संपून आचारसंहिता उठली की ठाण्यात जमा केलेली हत्यारं ज्याची त्याला परत मिळतात. आण्णांना, माझ्या वडिलांना, आता मोटारसायकल झेपत नाही, आणि रायफल घेऊन एसटीत चढणं त्यांना बरं दिसत नाही. म्हणून यंदा मी नगरहून गाडी घेऊन कोपरगावला गेले. ठाण्यातल्या शिपायाने आतल्या खोलीतून ती आणली. आईने जुन्या ताडपत्रीची शिवलेली खोळ, तिच्यावर सुतळीने बांधलेली चिठ्ठी. आण्णांनी सही केली. शिपाई म्हणाला, "बाबा, अजून चालती का?" आण्णा म्हणाले, "बाईमाणसासारखी जपलीय. न चालायला काय झालं?" शिपाई हसला. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

गाडीत आण्णांनी खोळ सोडली आणि वास आला. तेलाचा, काडतुसातल्या जळक्या दारूचा, जुन्या लाकडी दस्त्याला वर्षानुवर्षं लागलेल्या घामाचा. बाहेर कारखान्याच्या मळीचा आंबूस वास होता, काचा खाली होत्या, तरी तो वास सगळ्यांवर मात करून माझ्यापर्यंत आला. आणि माझ्या उजव्या गालाला, जिथे दस्ता टेकतो तिथे, काहीतरी जागं झालं. लाज वाटावी अशीच ती गोष्ट आहे. त्या रायफलीबद्दल मला जे ठाऊक आहे ते सगळं ठाऊक असूनही, तो वास मला अजून आवडतो.

आमचं शेत गोदावरीच्या काठाला, पाटाच्या पाण्यावरचं. ऊस, गहू, थोडी बाजरी, बांधाला आंबे. पीकसंरक्षणाचा परवाना काढून आण्णांनी ती पॉइंट टू-टू घेतली तेव्हा मी पाळण्यात होते. गावात कुणी तिला बंदूक म्हटलं की आण्णा दुरुस्त करायचे, "बंदूक न्हाई, रायफल. टू-टू." हे इंग्रजी आकडे त्यांच्या तोंडात फार रुबाबदार वाटत. मोठ्या बंदुकीसारखा तिचा धडाका नसे. वाळकी काटकी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज, आणि मग नदीपलीकडून त्याचा बारीक पडसाद. काडतूस माझ्या करंगळीच्या अर्ध्या पेराएवढं. बोल्ट मागे ओढला की रिकामी पितळी पुंगळी टुणकन उडून पडे आणि मी ती गरम असतानाच उचले. तिच्या कडेला, जिथे टोला बसलेला असे, तिथे एक इवलासा खड्डा दिसायचा. पुंगळीच्या तोंडावर ओठ ठेवून फुंकलं की शिट्टी वाजे. आमच्या शाळेतल्या सगळ्या पोरांकडे अशा शिट्ट्या होत्या, आणि त्या सगळ्या मीच वाटलेल्या.

बाजरी निसवली की पोपटांचे थवे उतरायचे. सकाळी धुकट उजेडात हिरवा गदारोळ नदीकडून येताना आधी ऐकू यायचा, मग दिसायचा. बाकीचे शेतकरी गोफण घेऊन माळ्यावर उभे राहत, पत्र्याचे डबे बडवत. आण्णा मात्र चहा पिऊन सावकाश निघत, रायफल खांद्याला. मातीच्या ढेपाळ बांधात एक गोळी मारत. पुरं शेत पंख लावल्यासारखं वर उठे. एकही पाखरू ते मारत नसत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पाखरू मारायला गोळी कशाला? आवाज पुरतो." मला ते फार मोठ्या मनाचं वाटलं. शाळेत निबंधात मी ते लिहिलंसुद्धा.

दिवाळी झाली की जुन्या पणत्या बांधावर ओळीने मांडायच्या. हा खेळ माझा. पोत्यावर पालथं पडायचं, कोपर मातीत रोवायचं, गाल दस्त्यावर. आण्णा मागे उकिडवे बसून हलक्या आवाजात सांगत, "श्वास सोड. सगळा न्हाई, अर्धा. आता थांब. चाप ओढू नको, दाब." पणतीचा चुरा होऊन उडे, आणि त्यातलं उरलेलं तेल क्षणभर उन्हात चमके. आण्णांचा हात डोक्यावर पडे. दुसऱ्या कुठल्याही गोष्टीसाठी त्यांनी मला कधी शाबासकी दिलेली आठवत नाही. पहिला नंबर आला तरी "बरं" एवढंच.

आणि सगळ्यात लाडका उपयोग आंब्याचा.

विहिरीवरचा गोटी आंबा फार उंच गेलेला. त्याच्या शेंड्याचे आंबे झेल्याला लागत नसत, आणि तेच सगळ्यात गोड. आण्णा खाली उभे राहत, नळी वर, तोंड नदीच्या मोकळ्या पात्राकडे. ते देठ नेमत. आंबा नव्हे, देठ. खाली आम्ही चौघं चवाळ्याचे चार कोपरे ताणून धरून तयार. एक कोपरा आईचा, एक माझा, एक सुजाताचा आणि एक सुजाताच्या वडिलांचा.

सुजाताचे वडील म्हणजे सखाराम नाना. आमच्या बांधाला लागून त्यांचं रान, चारीच्या अगदी शेपटाला, जिथे पाटाचं पाणी सगळ्यांचं भिजवून झाल्यावर उरलं तर पोहोचे. घर बौद्धवस्तीत, पण दिवस रानात. सुजाता माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. ती त्यांना नाना म्हणायची म्हणून मीही नाना म्हणायचे. आण्णा त्यांना सख्या म्हणत. ते आण्णांना "आण्णा, तुमी" म्हणत. दोघं एका वयाचे. हे मला त्या वेळी खटकलं नव्हतं. उन्हाळा गरम असतो तसं ते होतं.

"ताना, ताना," नाना ओरडायचे. फट् आवाज होई, वर पानांत काहीतरी तुटे, आणि आंबा चवाळ्यात धप्पकन पडून उसळे. न मोडलेला, न ठेचलेला, देठाशी चिकाचा एक थेंब. नाना मान हलवून म्हणायचे, "आण्णा, नजर हाय का काय हाय ही!" आण्णांच्या मिशीत हसू यायचं. पहिला आंबा सुजाताला आणि मला अर्धा-अर्धा. कोयीवरून आमचं भांडण. चिकाने ओठ भाजलेले, हाताला राळेसारखा वास, आणि वर सगळ्या हवेत ती जळक्या दारूची बारीकशी तिखट लकेर. माझ्या बालपणाचा वास कुणी विचारला तर तो हाच.

खंडेनवमीला आई नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड, तिचं शिलाई मशीन सगळं ओसरीवर मांडायची. मधोमध पाटावर टू-टू. तिच्या नळीला झेंडूची माळ, दस्त्याला हळदकुंकू. आण्णा अंघोळ करून, ओल्या केसांनी हात जोडत. आम्ही त्या रायफलीच्या पाया पडलेलो आहोत.

मग एका वर्षी पाऊस कमी झाला. धरणात पाणी नाही म्हणून फाल्गुनात पाटाच्या पाण्याचं शेवटचं आवर्तन सुटणार असं जाहीर झालं. नियमाप्रमाणे पाळी शेपटाकडून सुरू व्हायची, म्हणजे आधी नानांचं रान, मग वर वर येत आमचं. पाटकरी येऊन तसं सांगून गेला.

दुपारी आईने चहाची किटली देऊन मला पाटावर पाठवलं. ऊन असं की पायाखालची माती फुफाट्यासारखी. आण्णा चारीच्या तोंडाशी, पाणी वळवायच्या दगडी बाऱ्यावर बसले होते. मांडीवर रायफल. ते ती पुसत होते. गजाच्या टोकाला तेलाची चिंदी लावून नळीत सारायची, ओढायची, पुन्हा सारायची. मी शेजारी बसले. त्यांनी मला धरायला दुसरी चिंदी दिली. आपल्याला काम मिळालं म्हणून मी खूश झाले. पाटात पाणी आलं होतं, गढूळ, फेसाळ, काटक्याकुटक्या वाहवत. त्याचा थंड वास यायचा. आमच्या उसाकडचं दार उघडं होतं आणि पाणी सगळं तिकडे वळलेलं.

नाना खांद्यावर फावडं घेऊन आले.

"आण्णा, पाळी माझी हाय."

"व्हय," आण्णा म्हणाले. मान वर केली नाही.

"मंग फिरवू का पानी?"

आण्णांनी नळी सूर्याकडे धरून आतून बघितली. एक डोळा मिटून, सावकाश, सोनाराने दागिना बघावा तसं. "ऊस वाळतोय माझा, सख्या."

"गहू चिकात हाय, आण्णा. आत्ता पानी न्हाई मिळालं तर दाना भरायचा न्हाई."

आण्णांनी सदऱ्याच्या खिशातून काडतुसं काढली. भरली नाहीत. एकेक करून आपल्या बाजूला दगडावर उभी केली, शेजारीशेजारी, पणत्या मांडाव्यात तशी. मग पुन्हा चिंदी घेतली आणि पुसायला लागले. पाण्याचा आवाज, आणि नळीत सरकणाऱ्या गजाचा आवाज.

नानांनी रायफलीकडे बघितलं. काडतुसांकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या चिंदीकडे. त्यांच्या तोंडावर राग असता तर मला बरं झालं असतं. तसं काही नव्हतं. उशिरा का होईना, एखादी गोष्ट नीट कळावी तसा तो चेहरा होता.

"पोरीला सावलीला बसवा," ते म्हणाले. "ऊन लागंल तिला."

आणि फावडं खांद्यावर घेऊन, आले होते त्याच वाटेने, बांधाबांधाने गेले.

मी चहा ओतला. आण्णांनी तो बशीत घेऊन फुर्र करून प्याला.

संध्याकाळी गावात पारावर आण्णांनी ती गोष्ट सांगितली. "गोळी झाडली न्हाई, शिवी दिली न्हाई. पुसत बसलो नुसता." लोक हसले. कुणीतरी मांडीवर थाप मारली. टू-टूचा असा उपयोग आजवर कुणाला सुचला नव्हता, आणि एकही काडतूस खर्ची न पडता तिच्याकडून एवढं काम याआधी कधीच झालं नव्हतं. मीही तिथे होते. सगळे हसले म्हणून मीही हसले असेन. ते मला नीट आठवत नाही, आणि आठवत नाही हेही मला सोयीचं आहे.

नानांचा गहू भरला नाही. ओंब्या उभ्या होत्या, दुरून हिरव्या-पिवळ्या छानच दिसत होत्या, पण हातात चुरडल्या की आत चिमलेले, सुकल्या जिऱ्यासारखे दाणे. ते कळल्यावर आईने आण्णांना न विचारता आमच्या गव्हाची एक पाटी भरून गड्याबरोबर नानांच्या घरी पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सुजाता आली. डोक्यावर तीच पाटी, जशीच्या तशी भरलेली. उंबऱ्याबाहेर तिने ती उतरवली. आई म्हणाली, "अगं, राहू दे की. ने."

"आमच्या घरात गहू हाय," सुजाता म्हणाली. शाळेत फळ्यासमोर उभं राहून उत्तर द्यावं तसं, सरळ उभं राहून. तिला घरी शिकवून पाठवलेलं वाक्य होतं ते. मी आतून धावत आले तेव्हा ती अंगणाच्या टोकाला गेली होती. मी हाक मारली. तिने मागे बघितलं नाही. शाळेत ती खिडकीजवळच्या बाकावर बसायला लागली. बाईंनी कारण विचारलं तर म्हणाली, फळा नीट दिसत नाही.

वैशाखात आंबा पिकला. आण्णा रायफल घेऊन खाली उभे राहिले. चवाळ्याचा एक कोपरा गड्याला दिला, एक मी धरला. आई आली नाही, भाकरी करायच्यात म्हणाली. उरलेले दोन कोपरे आम्ही झाडाच्या बुंध्याला आणि विहिरीच्या खांबाला बांधले. चवाळं वाकडं झालं, मधे पोट सुटलं. फट् आवाज झाला. आंबा कडेला आपटून खाली दगडावर पडला आणि फुटला. आण्णा म्हणाले, "नीट धरा की रं!" पुन्हा मारली. पुन्हा तसंच. मुंगळे जमले. आण्णांनी बोल्ट मागे ओढून पुंगळी पाडली आणि घरात निघून गेले. त्यानंतर शेंड्याचे आंबे पाखरांनी खाल्ले.

खंडेनवमी आली. आईने ओसरी सारवली, फाळ मांडला, विळे मांडले, मशीन पुसून मांडलं. रायफल आण्णांनी स्वतः आणून पाटावर ठेवली. आईने सगळ्यांना कुंकू लावलं, फुलं वाहिली, आरतीचं तबक उचललं.

"हिला राहिलं," आण्णा म्हणाले.

"राहिलं न्हाई," आई म्हणाली, आणि तबक ओवाळायला लागली.

एवढंच. त्यावर घरात भांडण झालं नाही, बोलणं झालं नाही. पण त्या दिवसापासून आई गेली त्या वर्षापर्यंत तिने टू-टूला कुंकू लावलं नाही. आण्णा आपलं आपण बोटाने लावत. आणि मी, जी आईच्या मागे उभी असायची, मी कधी दोघांपैकी कुणाच्याही बाजूने काही बोलले नाही. मी कॉलेजला नगरला गेले, शिक्षिका झाले, मुलींना समतेवर भाषणं लिहून द्यायला लागले. गावाकडे आले की नानांच्या रानावरून जाणारी जवळची वाट सोडून मोठ्या रस्त्याने यायचे. नानांनी पुढे कारखान्यावर राखणदारी केली, मग बोअर घेतलं. पाटाच्या पाण्याकडे त्यांनी पुन्हा बघितलं नाही. ते वारले तेव्हा मी नगरला होते. मला उशिरा कळलं. कळल्यावरही मी आले नाही.

तर यंदा रायफल ठाण्यातून घरी आली, आणि परवान्याची मुदतही संपत आली होती. दोन दिवसांत हवालदार चौकशीला आले. माणूस नवा होता, बीडकडचा, सौम्य. ओसरीवर खुर्चीत बसले, पाणी प्याले. आण्णा खाटेवर. हवालदार म्हणाले, शेजारच्या दोघांना विचारावं लागतं, ह्यांच्या हत्याराबद्दल काही तक्रार आहे का म्हणून. एक शेजारी, आमच्याच भावकीतला, येऊन बसलेलाच होता. त्याची कसलीही तक्रार नव्हती.

"दुसरं कोण?" हवालदार म्हणाले. "ह्या खालच्या अंगाला रान कुणाचं?"

"तिला नको," आण्णा म्हणाले.

"का बरं? घर इथंच दिसतंय की रानात. शेजारी तर त्याच झाल्या."

आण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी उठले. "मी बोलावून आणते."

किती वर्षांनी त्या बांधावरून चालत होते. चारी आता सिमेंटची झाली आहे. सुजाता शेडखाली कांदे निवडत होती, दोन बाया मदतीला. केसांपासून डोळ्यांपर्यंत धूळ. तिने मला ओळखायला वेळ घेतला नाही.

"या," ती म्हणाली. "कधी आल्या तुमी?"

बाकावर माझ्या दंडाला चिमटे काढणारी ही मुलगी मला तुमी म्हणत होती. मी काय काम आहे ते सांगितलं. सांगताना आवाज इतका खाली गेला की तिला "काय?" म्हणून परत विचारावं लागलं.

"रायफलीचं?" ती म्हणाली. थोडा वेळ तिने हातातला कांदा फिरवून बघितला, पाटीत टाकला. मग उठली, हात धुतले, पदराला पुसले. "चला."

वाटेत ती पुढे, मी मागे. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "नाना गेले तेव्हा मला यायला जमलं नाही."

"व्हय," ती म्हणाली. "लई लोक आल्ते."

ओसरीवर ती उभीच राहिली. हवालदारांनी खुर्ची पुढे केली, तरी बसली नाही.

"ताई, घाबरू नका, नुसतं विचारायचंय. ह्या बाबांकडं रायफल आहे, ठाऊक आहे ना?"

"हाय ठाऊक."

"कधी तुमच्यावर, घरच्यांवर रोखली, गोळी झाडली, धमकी दिली, असं काही?"

सुजाताने आण्णांकडे बघितलं. आण्णा खाटेच्या नवारीकडे बघत होते.

"गोळी कधी झाडली न्हाई," ती म्हणाली. "रोखली पन न्हाई. धमकीचा शब्द न्हाई. माझा बाप पाळीचं पानी घ्यायला गेल्ता, तवा त्याच्यासमोर बसून पुसत हुते. तेवढंच."

भावकीतला शेजारी खाकरला. हवालदारांचा हात थांबला. त्यांनी तिच्याकडे, मग आण्णांकडे, मग कशाला कोण जाणे, माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे... तुमची हरकत आहे असं लिहू का?"

"हरकत त्या दिवशी हुती," सुजाता म्हणाली. "त्या दिवशी कुनी इचारलं न्हाई. आता त्यांचं वय काय, माझं वय काय. तुमी जे इचारलं ते मी सांगितलं. लिहायचं का न्हाई, ते तुमी बघा."

मी म्हटलं, "सुजाता, चहा घेऊन जा."

"कांदा टेम्पोत भरायचाय," ती म्हणाली. माझ्याकडे बघून जरासं हसली. दार उघडून देणाऱ्या अनोळखी माणसाकडे बघून हसावं तेवढंच, आणि पायऱ्या उतरून गेली.

हवालदारांनी आण्णांच्या बाजूचंच लिहिलं. हरकत नाही म्हणून. जाताना चपला घालता घालता मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, बाबांचं वय झालं. आता काय करायची ही?"

त्या रात्री आण्णा जेवले. दुसऱ्या दिवशीही जेवले, पेपर वाचला, कांद्याचा भाव विचारला. तिसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून, स्वच्छ सदरा घालून ओसरीवर आले. हातात खोळ होती.

"गाडी काढ. जमा करून टाकू."

"हरकत नाही असं लिहून गेलेत की हवालदार."

"काढ म्हनलं ना."

ठाण्यात पुन्हा तोच शिपाई. आत साहेबांसमोर बसवलं. कायमची जमा करायची तर कारण द्यावं लागतं. साहेब तरुण होते, आदराने बोलत होते. "बाबा, कारण काय लिहू?"

आण्णांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता खरं सांगतील.

"नजर गेली," आण्णा म्हणाले. "दिसत न्हाई आता."

साहेब हळहळले. म्हणाले, वयोमानानुसार होतंच, तुम्ही जबाबदारीने आणून दिलीत, असे लोक राहिले नाहीत. येताना ह्याच आण्णांनी नदीपलीकडच्या बाभळीवर बसलेला ससाणा मला बोट करून दाखवला होता, तो मला दिसला नव्हता. मी साहेबांच्या टेबलावरच्या काचेकडे बघत बसले. काचेखाली कुठल्यातरी देवाचा फोटो होता.

परतताना गाडीत तो वास नव्हता. आण्णांचे हात मांडीवर रिकामे पडले होते. कारखान्याचा भोंगा झाला. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "आता सख्याची पोर बोलंल का गं आपल्याशी?"

"नाही," मी म्हणाले. "बोलणार नाही, आण्णा."

"मंग दिली कशाला?"

त्यांनी हे खरोखरच विचारलं होतं. त्यात राग नव्हता. बाजारात पैसे दिले आणि वस्तू मिळाली नाही तर माणूस विचारील तसं. मी रस्त्यावरची नजर काढली नाही. "मला लाज वाटते, आण्णा," मी म्हणाले. "लहानपणापासून वाटते. त्या दिवशी मी तुमच्या शेजारी बसले होते."

उसाने लादलेले ट्रॅक्टर समोरून येत होते. एक गेला, दुसरा गेला. ट्रॉलीतली कांडी रस्त्यावर पडलेली, पोरं ती उचलायला धावत होती.

"मला वाटत न्हाई असं समजू नको," आण्णा म्हणाले. "वाटती. बाऱ्यावरनं जाताना वाटती. तुझी आई रायफल सोडून फुलं वाह्यची तवा वाटायची. पर त्याच्या दारात जाण्याएवढी कधी वाटली न्हाई. आज उद्या करता करता तो मेलाच."

मी त्यांच्याकडे बघितलं. माझा बाप इतका म्हातारा कधी झाला ते मला कळलंच नव्हतं. त्यांचा हात धरावा असं वाटलं, आणि धरू नये असंही वाटलं. गिअर बदलायचा होता, तो बदलला.

आमच्या वस्तीच्या अलीकडे एक कच्चा रस्ता आत वळतो, तो सुजाताच्या शेडकडे जातो. तिचा टेम्पो दारात उभा होता, बाया कांद्याच्या गोण्या वर चढवत होत्या. ती स्वतः फाळक्यावर उभी राहून गोणी ओढून घेत होती. मी गाडी हळू केली. इतकी हळू, की मागच्याने हॉर्न दिला. आण्णांनी डोळे मिटले नव्हते. ते सरळ समोर, रस्त्याकडे बघत होते. थांब म्हणाले नाहीत.

आणि मीही थांबवली नाही.